हवेतले चवदार तळे

बिनतारी जाळ्याची यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती पाहा. शब्द वेगवेगळे असतात, पण सांगणे एकच असते : आम्ही माणसाला माणसाशी जोडतो! चांगली गोष्ट आहे. परंतु ज्या देशात माणसाला माणसापासून तोडण्याचे शास्त्र हजारो वर्षे घोटून तयार केले गेले, त्या देशातील बहुजनांनी असे वाक्य ऐकले की आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. जोडता कोणाला? आणि जोडणाऱ्यांच्या घरात माणसे एकमेकांना जोडलेली आहेत काय?

वायफाय हा शब्द आता खेड्यातल्या पोरालाही नवा राहिलेला नाही. भिंतीवर एक डबा असतो. त्यात तारेने इंटरनेट येते आणि तिथून पुढे शंभर-दीडशे फूट ते हवेतून, लहरींवर बसून मोबाईलपर्यंत पोचते. हा डबा बनविणाऱ्या, बसविणाऱ्या आणि चालविणाऱ्या कंपन्यांचा धंदा आज जगभर पसरला आहे. पण हा सारा धंदा ज्या हवेवर चालतो, ती हवा यापैकी एकाही कंपनीने विकत घेतलेली नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

मोबाईल कंपन्या ज्या लहरी वापरतात, त्यांचा सरकार लिलाव करते. वायफायच्या लहरींचे तसे नाही. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही पट्टे परवान्याशिवाय वापरण्यास खुले केले. ठराविक शक्तीच्या मर्यादेत कोणीही यंत्र बनवावे, कोणीही वापरावे. त्यातून नेदरलँड्समध्ये एनसीआर या कंपनीच्या अभियंत्यांनी दुकानातील गल्ल्याची यंत्रे तारेविना जोडण्याचे काम हाती घेतले. १९९७ साली ‘८०२.११’ हे सर्वांसाठी एकच मानक ठरले आणि १९९९ साली त्याला वायफाय हे बाजारातले नाव मिळाले. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला, आणि ५ गिगाहर्ट्झमधले मोठे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये. या तंत्रातील एक महत्त्वाचा शोध तर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेतला आहे. त्या संस्थेला आपल्या पेटंटसाठी बड्या बड्या कंपन्यांशी कोर्टात लढावे लागले, आणि २००९ व २०१२ च्या समझोत्यांतून तिने ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर वसूल केले. सारांश, हवा जनतेची, कायदा जनतेचा, संशोधनातही जनतेचा पैसा. कंपन्यांचा आहे तो डबा!

आता आपल्या इतिहासाकडे वळू. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली आहेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार आपले तळे खुले केले. म्हणजे कागदावर चवदार तळे १९२४ सालीच सर्वांचे झाले होते. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथे का जावे लागले? कारण कागद पाणी पाजत नाही! आणि पाणी प्याल्यावर काय झाले? लोकांची डोकी फोडली गेली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि सनातनी मंडळी कोर्टात गेली. तिथे त्यांचे म्हणणे काय, तर तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे कोर्ट!

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की वायफायची हवा हे आजच्या काळातले चवदार तळे आहे. कायद्याने ते खुले आहे. पण त्या तळ्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. एक वाट कंपनीच्या आत जाते, जिथे हे तंत्र घडते आणि मोठा पगार मिळतो. दुसरी वाट खांबावरल्या डब्यापासून वस्तीतल्या मुलाच्या मोबाईलपर्यंत जाते. या दोन्ही वाटांवर जात उभी आहे.

पहिल्या वाटेची गोष्ट आधी पाहू. बिनतारी जाळ्याच्या व्यवसायात सिस्को हे जगातले अग्रगण्य नाव. एरोनेट, लिंकसिस, मेराकी अशा वायफायमधल्या कंपन्या तिने एकामागून एक विकत घेतल्या. त्यातली मेराकी २०१२ साली १२० कोटी डॉलरला. लिंकसिस तिने पुढे विकून टाकली. विद्यापीठे, इस्पितळे, विमानतळ, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे तिचा माल. या कंपनीविरुद्ध ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क पाहणाऱ्या खात्याने न्यायालयात दावा दाखल केला. विषय होता जातीय भेदभाव! अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने जातीच्या प्रश्नावर एका बड्या कंपनीला कोर्टात खेचणे ही त्या देशाला नवी गोष्ट होती.

दाव्यात खात्याने मांडलेली हकीकत अशी. तक्रारदार हा मुंबईच्या आयआयटीत शिकलेला दलित अभियंता. ज्या गटात तो काम करी, तिथले बहुतेक सहकारी भारतातून गेलेले सवर्ण. हा आरक्षणातून आयआयटीत आला होता, ही गोष्ट त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली. २०१६ मध्ये त्याने त्याबद्दल जाब विचारला आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तक्रार केली. त्यानंतर त्याच्याकडची जबाबदारी कमी करण्यात आली, संधी हुकल्या, एकटे पाडण्यात आले. आणि मनुष्यबळ विभागाचा निष्कर्ष काय निघाला? जातीवरून केलेला भेदभाव हा बेकायदा नाही!

हा अभियंता वायफायच्याच विभागात होता असे नाही. सिस्कोने हे आरोप नाकारले आहेत, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोघा वरिष्ठांवरचा दावा स्वतःहून मागे घेतला आणि कंपनीवरचा दावा तेव्हा कायम ठेवला. ते दोघे दोषी होते असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. आपण न्याय मागणारी माणसे आहोत, म्हणून दुसऱ्याच्या बाबतीतही आपण न्यायाला धरूनच बोलले पाहिजे. पण या खटल्याचे मोल एका-दोघांच्या दोषापुरते नाही. दोन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट नावाची. त्या अभियंत्याचे खरे नाव दाव्यात नव्हते. ते उघड करण्याचा आग्रह कंपनीने धरला. ऑगस्ट २०२२ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाला सांगितले की याचा पुन्हा विचार करा, आणि तो करताना त्याच्या भारतातील नातेवाईकांना काय धोका होऊ शकतो हेही ध्यानात घ्या. विचार करा समाजबांधवांनो! माणूस सातासमुद्रापार, जगातल्या सर्वांत पुढारलेल्या उद्योगात, आणि त्याचे नाव कळले तर गावाकडच्या आईबापाचे काय होईल ही चिंता अमेरिकेच्या न्यायाधीशाला करावी लागते. कंपनीचे म्हणणे असेही होते की हा वाद न्यायालयात नको, कराराप्रमाणे लवादापुढे बंद दाराआड जावा. तेही न्यायालयाने मानले नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. हा दावा दाखल झाल्यावर काही आठवड्यांत इक्वॅलिटी लॅब्ज या संघटनेकडे अमेरिकेतल्या तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या अडीचशेहून अधिक तक्रारी आल्या. अमेरिकेतील आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरने २०२१ मध्ये न्यायालयापुढे जात म्हणजे काय हे मांडण्यासाठी पाऊल उचलले. इतकी वर्षे ही माणसे गप्प होती, ती एका माणसाने तोंड उघडले म्हणून बोलू लागली.

आपल्याकडचे शहाणे यावर म्हणतात, शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, लाखोंचा पगार घेणाऱ्या माणसांत कुठली आली जात? बाबासाहेबांनी १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. परदेशी जाणाऱ्यांच्या बरोबर जातही जहाजात चढते, हे त्यांना तेव्हाच दिसत होते. शंभर वर्षांनी ते कॅलिफोर्नियाला दिसू लागले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, परंतु ७ ऑक्टोबर २०२३ ला राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते रोखले. कारण दिले की सध्याच्या कायद्यात हे सारे येतेच. येतेच, तर मग ‘हे बेकायदा नाही’ असे उत्तर एका अभियंत्याच्या पदरात पडल्याचे सरकारच्याच खात्याला दाव्यात का लिहावे लागले? ज्या गोष्टीचे नाव कायद्यात नाही, ती गोष्ट कचेरीत कोणाला दिसत नाही. हा आपला जुना अनुभव आहे.

आता घरी येऊ. हा व्यवसाय महाराष्ट्र-गोव्याला परका नाही. गोव्यात वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे ठाणे आहे. वायफायच्या सुरक्षेत नाव काढलेली मोजो नेटवर्क्स ही कंपनी पुण्यातल्या संशोधनातून उभी राहिली आणि २०१८ साली अमेरिकेतल्या अरिस्टाने ती विकत घेतली. अशा कंपन्यांत आपल्या समाजाचे अभियंते किती? कोणत्या पदावर? कोणीही सांगू शकणार नाही, कारण खासगी कंपनीला ते सांगण्याचे बंधनच नाही. स्त्रिया किती याचा आकडा बड्या कंपन्या अभिमानाने छापतात. जातीचा रकाना मात्र त्यात नसतो. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आहोत आणि ती सोडायची नाही. पण या धंद्यात एक जागा अशी आहे जिथे सरकारला आजच धरता येते, ती म्हणजे खरेदी. रेल्वे, विद्यापीठे, महापालिका, इस्पितळे हा माल जनतेच्या पैशाने घेतात. जनतेच्या पैशाने माल घेताना ‘तुमच्या कंपनीच्या नियमांत जातीय भेदभावाला बंदी आहे काय, तक्रार ऐकणारी समिती आहे काय’ एवढे विचारायला काय हरकत आहे? २०१२ च्या केंद्रीय आदेशानुसार सरकारी खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांचा ठेवलेला आहे. प्रत्यक्षातली खरेदी त्याच्या खूपच खाली राहत आली आहे. तार ओढणे, डबे बसवणे, देखभाल करणे ही कामे आपली आयटीआय-पदविका झालेली मुले सहज करू शकतात. मग ती कंत्राटे कोणाच्या घरी जातात?

आता दुसरी वाट पाहू. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गुगल यांनी मोफत वायफाय सुरू केले. पुढे चारशेवर स्थानके झाली. २०२० साली गुगलने अंग काढून घेतले, पण रेलटेलने ते काम सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेले. त्याचे फळ काय? केरळात एर्नाकुलम स्थानकावर ओझी वाहणाऱ्या एका तरुणाने त्याच वायफायवर, कानात यंत्र घालून, धडे ऐकत राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची बातमी २०१८ साली देशभर गाजली. हातावर पोट असलेल्या माणसाला फुकट मिळालेल्या लहरीचे मोल किती असते, ते यावरून समजावे.

पण हेच गावात आले की काय होते? मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीत इंटरनेटची तार आलेली. डबाही होता, कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते शिपायाला ठाऊक नाही. पूर्वी दोन महिने चालले होते म्हणे. तेव्हा मुले कुठे बसायची असे विचारले, तर पंचायतीच्या ओट्यावर. आपल्या वस्तीतली मुले बसायची का? यावर एक म्हातारे बाबा हसले आणि म्हणाले, “ओट्यावर कोन बसू देतंय? आन् आपल्या वस्तीपत्तूर ते येतच न्हाई.”

बाबांनी एका वाक्यात सारे तंत्रज्ञान सांगितले. वायफायची शक्ती मर्यादित असते. २.४ गिगाहर्ट्झवर कायद्यानेच ती जास्तीत जास्त ४ वॅट ठरवून दिली आहे, आणि साधा डबा तर त्याहून कितीतरी कमी शक्तीवर चालतो. भिंत आली, झाड आले की लहर थकते. म्हणून डबा कुठे बसवला यावर सारे अवलंबून! गावाच्या मध्यावर बसवला तर तो गावाचा होतो, आणि गावकुसाबाहेरची वस्ती लहरीच्याही बाहेर राहते. लहरींना जात नसते हे खरे. पण खांब रोवणाऱ्या हाताला असते. आड कुठे खणायचा आणि नळ कुठे बसवायचा हे ज्यांनी ठरवले, तेच आज खांबाची जागा ठरवतात. संविधानाच्या कलम १५ ने विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा यांवर सर्वांचा हक्क सांगितला. सरकारी पैशाने बसवलेला वायफायचा खांब त्याच रांगेत बसतो, असे आमचे म्हणणे आहे.

यावर सरकारकडे उत्तर नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. पूर्वीच्या पीसीओसारखी ही कल्पना. किराणा दुकानदार, चहावाला, वाचनालय, कोणीही आपल्या जोडणीवरून पाच-दहा रुपयांत लोकांना इंटरनेट द्यावे; त्याला परवाना नको, फी नको. कल्पना उत्तम आहे. पण २०१८ च्या दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणांचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि गाडी काही लाखांच्या घरातच रेंगाळली. का? कारण इंटरनेट पुरविणाऱ्या बड्या कंपन्या या छोट्या दुकानदारांना घरगुती जोडणी न देता व्यापारी दराची महागडी लाईन घ्यायला लावत. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचे नाही. दुसरीकडे ६ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्याचा खालचा भाग वायफायला मोकळा करण्याचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला, तर मोबाईल कंपन्यांचा धोशा असा की हा पट्टा लिलावात काढून आम्हाला द्या. तळे सार्वजनिक नाही, ते आमचे आहे! ओळखीचा वाटतो ना हा युक्तिवाद?

म्हणून चळवळीने हा विषय अभियंत्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये. करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत सरकारी पैशाने किती डबे बसले, कुठे बसले, त्यातले चालू किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एक खांब दलित वस्तीत, वसतिगृहाच्या दारात आलाच पाहिजे, असा ठराव ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या आमदार-खासदारांना सांगा, की सरकारी खरेदीच्या अटींत जातीय भेदभावाविरुद्धची अट घाला. जे अभियंते पुण्यात, बंगळूरला, कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी आडनाव लपवून जगण्याऐवजी एकमेकांना शोधावे, संघटना बांधावी आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या मागे उभे राहावे.

आणि थोडे आपल्यालाही सुनावले पाहिजे. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एका विहारात वर्षभर इंटरनेट चालते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा समाजाकडे काय होते? पोटाला भाकरी नव्हती, तरी महाविद्यालये उभी राहिली. आज गावोगावी विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. तिथे एक डबा, चार बाके, एक कपाट पुस्तके आणि रात्री दहापर्यंत दिवा, एवढे एका मंडळाला जड नाही. पीएम-वाणीत नोंद केली तर वस्तीतल्या एखाद्या मुलाला त्यातून चार पैसेही मिळतील. मुले त्यावर नाच बघतील, असे कोणी म्हणेल. बघतील थोडे. पण तिथे अभ्यासाला बसवणारा एक कार्यकर्ता असला तर त्यातलीच चार मुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरतील, परीक्षेचे जुने पेपर काढतील आणि बाबासाहेबांचे खंड वाचतील.

१९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. तळे सर्वांचे आहे हे जगाला दाखवण्यासाठी. आजचे तळे डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते कोणी बळकावले हेही दिसत नाही. ते पाहायला शिका, आपल्या वस्तीच्या दारात खांब आणा आणि तो रोवणाऱ्यांत आपला हात असू द्या. जयभीम!